वरच्या गुहेतली अकरावी

लुद्विक कांबिचला गावात कुणी वेडा म्हणत नाही, पण त्याचं नाव निघालं की जो तो जरासा हसतो. आता हसण्यासारखं काय आहे, मला विचाराल तर काहीच नाही. माणूस अडुसष्ट वर्षांचा, एकटा, पिणं बेताचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कापडगिरणीत तीस वर्षं मागांची दुरुस्ती केली. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे कोल्पा नदीच्या पुलावर उभे राहून सरकारला शिव्या घालत होते, हा घरी जाऊन द्राक्षवेलांची छाटणी करत बसला. खोड एकच. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी तो रानातल्या वरच्या गुहेत उतरतो, आतल्या तळ्याकाठी बसतो आणि माणूसमासोळ्या मोजतो. सव्वीस वर्षं हे चाललंय. बायकोला पुरलं त्या आठवड्यातला शनिवारही त्यानं चुकवला नाही, आणि ते लोक अजून विसरलेले नाहीत.

माणूसमासोळी म्हणजे मासा नव्हे, नाव पडलंय इतकंच. वीतभर लांब, माणसाच्या कातडीच्या रंगाची, चार काटकुळे पाय, डोळे कातडीखाली बुजलेले, मानेशी लाल कल्ल्यांचे झुपके. सगळा जन्म पाण्यात आणि काळोखात. शंभर वर्षं जगते म्हणतात, आणि वर्षानुवर्षं खाल्ल्यावाचून राहते. "हे आमच्या नवऱ्यांना जमलं असतं तर काय पाहिजे होतं," असं लुद्विकची शेजारीण टोंचका म्हणते. तिनं दोन नवरे पोचवलेत, तेव्हा तिला बोलायचा अधिकार आहे.

आमच्या बेला क्रायिना प्रांतात जमिनीवर पाणी थोडं आणि पोटात फार. डोंगर चुनखडीचा, आतून पोकळ. ओढा एका भोकात शिरतो नि भलतीकडेच निघतो. म्हणून इथलं पोर बोलायला लागलं की एक गोष्ट ऐकतंच: खाली सगळं पाणी एकच. भावाभावांचं भांडण मिटवताना हेच म्हणतात, लग्न जमवताना हेच म्हणतात. लुद्विकचा घात याच वाक्यानं केला.

शरदात मोठा पूर आला की डोंगर पोटातलं ओकून टाकतो, आणि त्या लोंढ्यात माणूसमासोळ्या बाहेर फेकल्या जातात. कुरणात, चाकोरीतल्या डबक्यात, कुठंही. तेव्हाची रीत ठरलेली आहे. मारायची नाही, मारली तर घरची विहीर आटते. उचलून तळघरात न्यायची, दारूच्या पिंपांमागच्या दगडी कुंडात ठेवायची आणि पूर ओसरला की सोडून यायची.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या पुरात जुन्या पाणचक्कीपाशी, खालच्या झऱ्याच्या कुरणात, लुद्विकच्या बायकोला चार सापडल्या. तिचं नाव माल्का. अंगानं ठेंगणी, बोलायला फटकळ, आणि मूलबाळ नसल्यामुळे जगातल्या प्रत्येक दुबळ्या जिवाची आई. तिनं चारही धुण्याच्या जस्ती टबात घालून आणल्या. पाणी उतरल्यावर प्रश्न पडला, सोडायच्या कुठे? पाणचक्कीच्या डोहात गळवाल्या मंडळींनी ट्राउट मासे आणून सोडले होते, धष्टपुष्ट आणि हावरट. तिथे सोडणं म्हणजे त्यांना ताटात वाढून देणं.

"वरच्या गुहेत नेऊ," लुद्विक म्हणाला. "शांत तळं आहे, तिथे दहाबारा आधीच राहतात."

"पण यांचं घर खालचं ना रे? यांना चालेल?"

"खाली सगळं पाणी एकच, माल्का."

टब घेऊन तो रानातून तासभर चढला. पुढच्या शनिवारी जगल्या का ते बघायला गेला, मग त्याच्या पुढच्या, आणि मोजायची सवय लागली ती कायमची. दोन वर्षांत चारांपैकी तीन दिसेनाशा झाल्या. एक राहिली. डाव्या कल्ल्यामागे मसुरीएवढा करडा डाग, तोंड इतरांपेक्षा जरा निमुळतं. तळ्याच्या डाव्या टोकाला छत इतकं खाली येतं की पोटावर झोपल्याशिवाय दिसत नाही. तिथल्या एका कपारीखाली ती बसली ती बसलीच. माल्का एकदा बघायला आली, चिखलात पालथी झाली आणि म्हणाली, "ही तर लग्नात कोपऱ्यात तोंड फिरवून बसणारी मावशी आहे." तेव्हापासून ती मावशी.

मोजणीचे लुद्विकचे नियम कडक. बूट दारातच स्वच्छ धुवायचे. दिव्यावर लाल कागद. दहा मिनिटं दगडासारखं बसायचं, मग तीनदा मोजायचं, आणि तिन्ही आकडे जुळले नाहीत तर पहिल्यापासून. वहीत तारीख, पाण्याची उंची, पाणी किती थंड, आणि संख्या. उघड्यावरच्या दहा आणि कपारीतली एक, मिळून अकरा. गिरणीत माग बंद पडला तर चालेल पण नोंद खोटी पडता कामा नये, असं त्याचं तेव्हाही होतं. जित्याची खोड.

सहा वर्षांपूर्वी माल्का गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिन्यांत आटोपलं. त्यानंतरच्या शनिवारी लुद्विक मोजून झाल्यावर उठला नाही. डाव्या टोकाला जाऊन पालथा पडला आणि मावशीला म्हणाला, "ती गेली." एवढंच. मग दर खेपेला काही ना काही सांगू लागला. टोंचकानं मेंढरू कापलं. छपराची कौलं बदलली. ओव्हनचा मधला कप्पा मला अजून उघडता येत नाही, ती कसा उघडायची कोण जाणे. बाहेर कुणाशी आठवड्यात दहा वाक्यं न बोलणारा माणूस आत पोटावर पडून अर्धा अर्धा तास बोलायचा. मावशी हलायची नाही. कधी कल्ले जरा फुलायचे, तेवढं त्याला पुरे व्हायचं. तोंडानं कधी कबूल केलं नसतं, पण हे खरं आहे: माल्काला ओळखणारं आणि माल्कानं नाव ठेवलेलं एवढंच एक जिवंत जनावर त्याच्याकडे उरलं होतं.

गेल्या वर्षी राजधानीहून, ल्युब्ल्यानाहून, नेझा आली. तिशीची, केस आखूड, पायात चिखल आणि गाडीत बाटल्या. तिचं काम असं की झऱ्याचं पाणी बाटलीत भरायचं, बारीक कागदातून गाळायचं, आणि त्या कागदावरून प्रयोगशाळेत तपासायचं की आत डोंगरात कोण राहतं. जनावर पाण्यात असलं की त्याच्या कातडीचा, लाळेचा अंश सुटतोच. जनावर दिसलं नाही तरी अंश सापडतो. लुद्विकच्या सव्वीस वर्षांच्या वह्या बघून ती जमिनीवरच बसली.

"लुद्विक काका, हे तुम्ही कुणासाठी केलंत?"

"कुणासाठी कशाला? मोजायला बसलो की मोजतो माणूस."

त्याला ती पोरगी आवडली. तिला बाटल्या भरून द्यायचं काम त्यानं अंगावर घेतलं. उन्हाळाभर दर पंधरवड्याला हातमोजे घालून वरच्या गुहेतलं आणि खालच्या झऱ्यातलं पाणी भरून ठेवू लागला. टोंचका कुंपणावरून म्हणायची, "अरे लुद्विक, लोक द्राक्षं गाळतात, तू पाणी गाळतोस. चढते का तरी?"

ऑक्टोबरात नेझा निकाल घेऊन आली, आणि टोंचकाच्या स्वयंपाकघरात, ओव्याची पोगाचा रोटी मोडता मोडता, तिनं सांगितलं. वरच्या तळ्यात मासोळ्या भरपूर. खालच्या झऱ्याच्या बाटल्या सगळ्या कोऱ्या. एकाही मासोळीचा अंश नाही.

"पूर्वी तर होत्या," टोंचका म्हणाली. "शाळेच्या बरणीतली तिथलीच."

ती बरणी आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. शाळेच्या कपाटात आलुबुखाराच्या दारूत बुडवलेली माणूसमासोळी, चिठ्ठीवर 'खालचा झरा' आणि पाऊणशे वर्षांपूर्वीचं साल. एका मास्तरानं त्यातली दारू पिऊन नवी ओतली होती म्हणतात.

"त्या बरणीतल्या मासोळीचाच तुकडा तपासला मी," नेझा म्हणाली. "काका, ती वरच्यांच्या गोतातली नाही. दिसायला सारखी, पण कुळं वेगळी. हजारो वर्षांत खालच्यांचा वरच्यांशी संबंध आलेला नाही. खालचं पाणी वेगळं आहे."

लुद्विकच्या हातातला रोटीचा तुकडा हातातच राहिला.

"पुरात तिथल्या कुणी उचलल्या असतील का हो?" नेझानं विचारलं. "कुठे सोडल्या, काही माहीत आहे?"

"यानंच नेल्या होत्या की," टोंचका सहज बोलून गेली. "माल्काच्या टबातून. चार."

नेझा उठून उभीच राहिली. वरच्या तळ्यात चारांपैकी एक जरी जिवंत असेल, तर ती खालच्या कुळातली कदाचित शेवटची. तिला तिच्या पाण्यात परत सोडायला हवं. आत खोल कुणी उरलं असेल तर तेवढीच आशा. खालचा झरा म्हणजे खडकातली हातभर फट. माणूस आत जाऊ शकत नाही. तिथे सोडलेली मासोळी पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडणार नाही. नेझानं हे सांगितलं नाही, पण लुद्विकला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वरच्या गुहेत उतरले. नेझानं गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेका मासोळीच्या अंगावरून कापसाची काडी फिरवली. दहा झाल्या.

"वहीत अकरा आहेत, काका."

डावं टोक त्याच्या पाठीशीच होतं. दोन पावलं नि एक बोट दाखवायचं, इतकंच काम.

"मेली असेल," लुद्विक म्हणाला.

हे दोन शब्द त्याच्या तोंडून कसे निघाले, त्याचं त्यालाही कळलं नाही. नेझानं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काड्या पिशवीत भरल्या. मावशीला मेलेली म्हणून तो वर आला. येताना पायऱ्यांवर दोनदा घसरला.

पुढच्या शनिवारी तो एकटा गेला आणि वहीत दहा लिहिले. सव्वीस वर्षांतली पहिली खोटी नोंद. त्याच्या पुढच्या वेळीही दहा. मनाची समजूत घालायला कारणं काय कमी असतात? म्हातारं जनावर, वाटेत दगावलं तर? खाली ट्राउट असतील तर? खरं तर ट्राउट दहा वर्षांपूर्वीच संपले होते, डोहाचा बांध फुटला तेव्हा. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. टोंचकाच्या दारावरून जाणंही त्यानं टाळायला सुरुवात केली.

"माझ्या पोगाचात मीठ जास्त झालं होतं का रे?" तिनं एकदा वाट अडवून विचारलं.

"नाही."

"मग तोंड का लपवतोस? बायको मेली तेव्हा असा दिसत नव्हतास."

तो तिच्या बाजूनं वाट काढून निघून गेला.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी मोजणी झाली, वही मिटली, आणि तो रिवाजाप्रमाणे मावशीसमोर पालथा पडला. पण बोलायला सुचेना. नेझानं उतरताना सांगितलेलं एक वाक्य डोक्यात फिरत होतं. या मासोळ्या आंधळ्या, पण वासाच्या पक्क्या. आपल्या माणसांचा वास लागलेल्या दगडाखाली एकमेकींना चिकटून बसतात. त्यानं मान वळवून तळ्याकडे पाहिलं. खरंच, एका सपाट दगडाखाली सहा जणी एकमेकींवर पाय टाकून पडल्या होत्या. पलीकडे चार. मग कपारीत पाहिलं. मावशी एकटी.

तो आठवू लागला. सव्वीस वर्षं, वर्षाला चोवीस खेपा. या कपारीत दुसरी मासोळी कधी पाहिली? एकदाही नाही. आणि मावशी त्यांच्या दगडाखाली? एकदाही नाही. तो समजत आला होता की हिचा स्वभावच असा. आपल्यासारखा. माणसांत न मिसळणारा, एका कोपऱ्यात बरा. त्याला त्यातच आधार वाटत होता, की जगात आपल्या जातीचं आणखी कुणी आहे. आणि ती इतकी वर्षं फक्त परक्यांच्या घरात बसून होती. तिला तिथे बसवलं कुणी? त्यानं. टबात घालून, तासभर डोंगर चढून, मोठ्या मायेनं.

त्याला तिथेच रडू आलं. माल्काला पुरताना आलं नव्हतं, ते आता आलं, थंड चिखलात हनुवटी टेकून. मावशीचे कल्ले जरा फुलले नि मिटले. तो तिला म्हणाला, "चुकलो गं."

वर येऊन, बूटही न काढता, त्यानं नेझाला फोन लावला.

"मेलेली नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

मग नेझा म्हणाली, "मला वाटलंच होतं, काका. तुमच्या हातातला दिवा त्या बाजूला एकदाही वळला नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सव्वीस वर्षं खरं लिहिलंय. म्हटलं, तुम्ही स्वतःच सांगाल."

नेझा येऊन मावशीच्या अंगावरूनही कापसाची काडी फिरवून गेली आणि निकाल आला. मावशी शाळेच्या बरणीतल्या मासोळीच्याच कुळातली. मग परवानगीचे कागद, शिक्के, कुणाची सही राहिली म्हणून पुन्हा कागद, मार्च उजाडला. तेवढ्या महिन्यांत लुद्विकनं एकही शनिवार चुकवला नाही आणि वहीत पुन्हा अकरा लिहिले. खोट्या नोंदींवर रेघ मारून शेजारी स्वतःची सही केली.

नेझानं खास पेटी आणली होती, पण लुद्विक माल्काचा टब घेऊन दारात उभा. "ज्यातून नेली त्यातूनच आणायची," तो म्हणाला. नेझानं तो तीन पाण्यांनी धुवून घेतला. कपारीतून काढताना मावशीनं जराही झटापट केली नाही. रानातून टब उतरवताना लुद्विक मागे वळून बघत नव्हता. टोंचका पाणचक्कीपाशी आधीच येऊन उभी होती, रविवारचा डोईरुमाल बांधून. तिला काय टोमणा मारायचा होता कोण जाणे, पण लुद्विकचं तोंड बघून तिनं तो गिळला.

नेझानं टब फटीशी टेकवून हळूहळू तिरका केला. पाण्यात पाणी मिसळलं. मावशी क्षणभर काठावर थांबली, नाक उचलून, इकडे तिकडे. लुद्विक वाकला. काहीतरी बोलायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात ती फटीत शिरली. सव्वीस वर्षं जागची न हललेली मासोळी, शेपटीच्या दोन फटकाऱ्यांत दिसेनाशी झाली.

"घाई होती बाईला," टोंचका हळूच म्हणाली.

लुद्विकनं रिकामा टब उचलला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. वरच्या तळ्यात दहा. मोजून झालं की उठायचं, कारण थांबायला काही कारण नाही. दोन वेळा तो सवयीनं डाव्या टोकाला जाऊन पालथा पडला आणि रिकाम्या कपारीशी दोन वाक्यं बोलून बसला. घरी संध्याकाळी ताट वाढायचा नि अर्धं परत भांड्यात टाकायचा. मावशी गेली तशी माल्काही आणखी लांब गेली, असं त्याला वाटू लागलं. आपण केलं ते बरोबर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण बरोबर केल्यानं जेवण जात नाही घशाखाली. खालच्या झऱ्याच्या बाटल्या मात्र तो भरत राहिला. एप्रिलात, मेमध्ये, मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ वाहत असतानाही.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी फोन आला. लुद्विक झऱ्यापाशी पाणचक्कीच्या जात्याच्या दगडावर बसला होता. टोंचका कुरणातलं गवत कापून तिथेच टेकली होती, फडक्यात गुंडाळलेली पोगाचा मांडीवर.

"काका, खालच्या पाण्यात अंश सापडला," नेझा म्हणाली.

"म्हणजे जिवंत आहे."

"आहे. पण तेवढंच नाही. एकटीचा अंश इतका नसतो. पावसानंतरच्या बाटल्यांत तर चारपाच वेगवेगळ्या आहेत. आत खोल असणार, पहिल्यापासून. गेल्या उन्हाळ्यात पाणी कमी होतं, त्यांचं पाणी फटीपर्यंत पोचतच नव्हतं." ती हसत होती, आवाज जरा भिजलेला. "लुद्विक काका, ऐकताय ना? त्या कुळातली ती शेवटची नव्हती. ती आता एकटी नाही."

"ऐकलं," तो म्हणाला. "चांगलं झालं, पोरी. फार चांगलं झालं."

फोन खिशात ठेवून तो फटीकडे बघत बसला. तिथून पाणी येत होतं, नेहमीसारखं, आत काय आहे त्याचा पत्ता न देता.

"काय म्हणाली?" टोंचकानं विचारलं.

"आत तिची माणसं होती. सगळा वेळ." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "सव्वीस वर्षं ती तिथे एकटी होती, टोंचका. आणि मी म्हणायचो, आम्हाला एकमेकांची सोबत आहे."

टोंचकानं फडकं सोडलं, रोटीचा मोठा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात ठेवला. त्यानं त्यातले दोन घास खाल्ले. मग खिशातून वही काढली, वरच्या गुहेच्या दहांखाली एक नवी ओळ आखली आणि तिच्यापुढे लिहिलं: खालचा झरा. संख्येच्या जागी लिहायला आकडा नव्हता. बराच वेळ पेन्सिल धरून बसल्यावर त्यानं तिथे लिहिलं, 'आहेत', आणि वही मिटली.